रान, हरीण आणि शेजारी : ॲलेगनी राष्ट्रीय अरण्याच्या परिसरातील शिकारीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

अरण्यांचा इतिहास बहुधा दोन प्रकारच्या साधनांवरून लिहिला जातो. सरकारी कायदे व वनखात्याचे अहवाल हे एक साधन होय; लाकडाच्या व्यापाराचे हिशेब हे दुसरे. या दोहोंतही अरण्याच्या कडेला राहणारा मनुष्य क्वचितच दृष्टीस पडतो, आणि पडला तर तो प्रायः अपराधी म्हणून : लाकूडचोर, वणवा लावणारा अथवा चोरटा शिकारी. जेथे हाच मनुष्य परवानाधारक शिकारी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे अरण्यात वावरत आला, अशा एखाद्या प्रदेशाचा इतिहास तपासल्यास अरण्य, शासन आणि शेजारी यांच्या संबंधांची निराळी बाजू पुढे येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेनसिल्व्हानिया राज्याचा वायव्य भाग हा असा प्रदेश आहे.

वॉरन, मॅक्कीन, फॉरेस्ट व एल्क या चार कौंट्यांत पसरलेले ॲलेगनी राष्ट्रीय अरण्य इ.स. १९२३ मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ पाच लाख एकरांहून अधिक असून पेनसिल्व्हानियातील ते एकमेव राष्ट्रीय अरण्य होय. केन, रिजवे, शेफील्ड, मरीनव्हिल, टायनेस्टा ही लहान गावे त्याच्या पोटात किंवा काठावर वसलेली आहेत. या गावांत हरणाची शिकार हा केवळ करमणुकीचा विषय नव्हे. हिवाळ्यातले मांस, कुटुंबातील वडीलधाऱ्यांकडून मुलाकडे जाणारी बंदूक, दरवर्षी ठरलेल्या दिवशी ओस पडणारी शाळा व कारखाना, आणि बाहेरगावच्या शिकाऱ्यांमुळे दुकानदारांच्या पदरी पडणारा पैसा, इतक्या गोष्टी तिच्याशी निगडित आहेत.

या अरण्याची कायदेशीर रचना प्रथम लक्षात घेतली पाहिजे. जमीन व तिच्यावरील झाडे संघसरकारची. भूगर्भातील तेल व वायू यांवरील हक्क बव्हंशी खाजगी मालकांचे. आणि हरीण मात्र राज्याच्या अखत्यारीतले. हरणे किती राखावयाची व किती मारू द्यावयाची, हे वनखाते ठरवीत नाही. ते राज्याचा शिकार आयोग, म्हणजे पेनसिल्व्हानिया गेम कमिशन, ठरवितो. झाडाचा धनी एक आणि झाड खाणाऱ्या प्राण्याचा धनी दुसरा, अशी ही व्यवस्था आहे. शेजाऱ्यापाशी यांपैकी कोणतीच मालकी नाही. त्याच्यापाशी आहे ती वहिवाट. या वहिवाटीचा उगम कशात होता, आणि तिच्या पायाशी असलेले समृद्धीचे चित्र कितपत स्वाभाविक होते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२. अरण्याचा नाश आणि हरणांचा लोप

ॲलेगनी नदीच्या वरच्या खोऱ्याचे पहिले ज्ञात शिकारी सेनेका लोक होत. मांसासाठी व कातड्यासाठी ते हरीण मारीत, आणि अठराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांशी त्यांचा जो व्यवहार चाले त्यात हरणाच्या कातड्यांना महत्त्वाचे स्थान होते. १७९४ च्या कॅनन्डेग्वा तहाने त्यांच्या जमिनींस मान्यता मिळाली. परंतु १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या किंझुआ धरणाच्या जलाशयापायी न्यूयॉर्क राज्यातील त्यांच्या राखीव प्रदेशापैकी सुमारे दहा हजार एकर जमीन गेली. ज्या जलाशयाच्या काठी आज शिकारी व पर्यटक उतरतात, त्याच्या तळाशी या प्रदेशाच्या सर्वांत जुन्या शेजाऱ्यांची घरे आहेत.

गोऱ्या वसाहतवाल्यांच्या काळातही हरणांच्या टंचाईची जाणीव लवकर झाली होती. पेनसिल्व्हानियाच्या वसाहतीने १७२१ मध्येच जानेवारी ते जूनपर्यंत हरीण मारण्यास मनाई केली. पण रानात कायदा बजावणारे कोणी नसल्याने अशा मनाईला फारसा अर्थ नव्हता. एकोणिसाव्या शतकात तीन गोष्टी एकत्र आल्या. लांडगे व प्युमा यांचा संहार शतक संपण्याच्या सुमारास पूर्ण झाला. एल्क हा मोठा हरणवर्गीय प्राणी त्यापूर्वीच नाहीसा झाला होता. शहरांच्या बाजारांसाठी हरणांची शिकार व्यापारी प्रमाणात होऊ लागली. कुत्री लावून, मिठाच्या चाटणीपाशी दबा धरून, रात्री दिव्याने डोळे दिपवून हरणे मारली जात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द अरण्यच नाहीसे होऊ लागले.

या भागातील मूळ अरण्य प्रामुख्याने हेमलॉक व बीच या वृक्षांचे होते. हेमलॉकच्या सालीतील टॅनिन कातडी कमावण्यास लागे, म्हणून झाडे पाडून साल सोलून नेण्याचा उद्योग भरभराटीस आला. खोऱ्याखोऱ्यांतून लाकूडवाहू लोहमार्ग टाकले गेले. त्यापाठोपाठ लाकडाचे ऊर्ध्वपातन करून कोळसा, ॲसेटिक आम्ल व लाकडापासूनचा मद्यार्क काढण्याचे कारखाने निघाले. या कारखान्यांना मोठे सोटच लागत असे नव्हे. मनगटाएवढे लाकूडही चाले. त्यामुळे १८९० ते १९३० या कालखंडात टेकड्याच्या टेकड्या निःशेष उघड्या पडल्या. १९२३ मध्ये राष्ट्रीय अरण्य म्हणून जे घोषित झाले ते इतके विद्रूप होते की, लोक त्याला ‘ॲलेगनीचा झुडुपांचा ढीग’ म्हणून हिणवीत. मूळ अरण्याचे फार थोडे तुकडे वाचले. त्यांपैकी ‘हार्ट्‌स कंटेंट’ हा वीस एकरांचा तुकडा एका लाकूड कंपनीने १९२२ मध्ये दान दिला, आणि टायनेस्टा येथील सुमारे चार हजार एकरांचा भाग सरकारने पुढे १९३० नंतरच्या दशकात विकत घेतला.

३. संरक्षणाचे पर्व आणि ‘नराचा कायदा’

इ.स. १९०० च्या सुमारास पेनसिल्व्हानियात हरीण दिसणे ही नवलाची गोष्ट झाली होती. या दुरवस्थेतून शिकारीच्या नियमनास प्रारंभ झाला. १८९५ मध्ये शिकार आयोगाची स्थापना झाली. लवकरच कुत्री लावून हरीण मारण्यास व हरणाच्या मांसाच्या विक्रीस बंदी घालण्यात आली. १९०५ मध्ये शिकार-अभयस्थाने राखण्याचा कायदा झाला, १९०६ मध्ये मिशिगनहून पन्नास हरणे आणून सोडण्यात आली, आणि १९१३ मध्ये राज्यातील शिकाऱ्यास परवाना सक्तीचा झाला. परवान्याच्या शुल्कावर आयोगाचा खर्च चालू लागला. ही बाब वरवर हिशेबाची वाटते. परंतु तिचा परिणाम दूरगामी झाला. ज्या संस्थेने हरणांची संख्या ठरवावयाची, तिचे पोट हरणे हवी असणाऱ्यांच्या पैशावर अवलंबून राहिले.

या सर्व उपायांत १९०७ चा कायदा सर्वांत महत्त्वाचा ठरला. या कायद्यान्वये शिंगे दिसणारा नर तेवढा मारण्याची मुभा राहिली. मादी व पाडस यांस संपूर्ण संरक्षण मिळाले. जीवशास्त्राच्या दृष्टीने हा नियम त्या वेळी समंजस होता. एक नर अनेक माद्यांशी संग करू शकत असल्याने नर कमी झाले तरी पैदास घटत नाही. उलट मादी वाचली की दरसाल एक किंवा दोन पाडसांची भर पडते. आयोगाचे सचिव जोसेफ कॅल्बफस व त्यांचे सहकारी यांनी हा नियम केवळ दंडाच्या भीतीने राबविला नाही. व्याख्यानांतून, पत्रकांतून व शिकारमंडळांतून त्यांनी तो शिकाऱ्यांच्या मनावर बिंबविला. मादी मारणे हे बेकायदेशीर तर होतेच, पण ते हलकटपणाचेही मानले जाऊ लागले. कायद्याचे नीतीत रूपांतर होण्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

या संरक्षणाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. रान सर्वांचे असे म्हटले जात असले, तरी ‘सर्व’ म्हणजे कोण हे कायदा ठरवीत होता. या काळात पेनसिल्व्हानियाच्या कोळशाच्या खाणींत, पोलाद कारखान्यांत व लाकडाच्या छावण्यांत इटली आणि पूर्व युरोपातून मजूर येत होते. पाखरे व लहानसहान श्वापदे मारून ते आपल्या ताटात भर घालीत. शिकाररक्षकांशी त्यांच्या चकमकी झडत, आणि काही रक्षकांचे प्राणही गेले. या पार्श्वभूमीवर १९०९ मध्ये असा कायदा झाला की, नागरिकत्व न घेतलेल्या परदेशीयाने राज्यात शिकार करू नये, आणि त्यासाठी बंदूकही बाळगू नये. पॅट्सोन विरुद्ध पेनसिल्व्हानिया या खटल्यात १९१४ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेल्या या निर्णयामुळे रानातील प्राणी ही राज्याच्या नागरिकांची ठेव आहे, ही कल्पना दृढ झाली. पुढे याच मजुरांची मुले व नातवंडे नागरिक म्हणून परवाना घेऊन पिट्सबर्गच्या बाजूने ॲलेगनीच्या रानात येऊ लागली, आणि त्यांच्यासाठी तो परवाना या देशाचे झाल्याची एक खूण ठरला.

४. झुडुपांचे रान आणि भरतीचा काळ

येथे योगायोगाने दोन घटना जुळून आल्या. उघड्या पडलेल्या टेकड्यांवर ऊन पोहोचताच झुडुपे, ब्लॅकबेरीच्या जाळ्या, तोडलेल्या खुंटांचे धुमारे आणि पिन चेरी, मेपल, बर्च, काळी चेरी यांची रोपे दाटून उगवली. हे सारे हरणाच्या तोंडाला येण्याजोग्या उंचीवर होते. एका बाजूने असे अमाप खाद्य, दुसऱ्या बाजूने मादीला संपूर्ण अभय, आणि वर लांडगा अथवा प्युमा यांपैकी एकही शत्रू शिल्लक नाही. अशा स्थितीत हरणांची संख्या झपाट्याने वाढली नसती तरच आश्चर्य. १९२० ते १९३५ च्या दरम्यान ती अशा पातळीस पोचली की, तशी दाटी मूळ अरण्यात कधीही नांदली असण्याचा संभव नाही. दाट सावलीच्या हेमलॉक-बीच अरण्यात जमिनीलगत खाद्य कमी असते. तेथे दर चौरस मैलास सुमारे दहा हरणे असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

या भरतीच्या काळातच राष्ट्रीय अरण्याची स्थापना झाली. १९११ च्या वीक्स कायद्याने नद्यांच्या उगमप्रदेशातील जमिनी विकत घेण्याचा अधिकार संघसरकारला मिळाला होता. त्याच्या आधारे उजाड, करबुडव्या जमिनी स्वस्तात घेण्यात आल्या. १९२३ मध्ये राज्याचे राज्यपालपद गिफर्ड पिंचो यांच्याकडे आले होते. संघराज्याच्या वनखात्याचे हे पहिले प्रमुख. वनविद्येत त्यांना मार्गदर्शन करणारे डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक होते, ही गोष्ट भारतीय वाचकांस लक्षणीय वाटेल. तथापि हिंदुस्थानात १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलाभोवती जी मनाईची भिंत उभी राहिली, तशी ॲलेगनीत उभी राहिली नाही. तेथे शेजाऱ्याला शिकारीसाठी, मासेमारीसाठी व भटकण्यासाठी रान खुले राहिले. शिवाय १९०८ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय अरण्याच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा स्थानिक शाळा व रस्ते यांसाठी मिळू लागला. या तरतुदीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

शिकारीची वहिवाट या वातावरणात आकारास आली. नोव्हेंबरच्या अखेरीस पहिले बर्फ पडले की माग काढणे सोपे होते. रानाच्या कडेला लाकडी खोपटे बांधण्यात आली; त्यांना स्थानिक बोलीत ‘कँप’ म्हणत. एकेका कँपवर बाप, चुलते, मेहुणे व मित्र असे दहाबाराजण आठपंधरा दिवस उतरत. काहीजण मोक्याच्या जागा धरून उभे राहत, बाकीचे ओळीने हाका घालीत येत. मिळालेला नर कँपपुढच्या आडव्या दांडीस टांगला जाई, आणि शिंगांच्या टोकांवरून शिकाऱ्याची वर्षभराची प्रतिष्ठा ठरे. १९६३ पासून बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी उघडू लागला. त्या दिवशी अनेक गावांतील शाळांना सुटी असे. फॉरेस्ट कौंटीत निम्म्याहून अधिक घरे हंगामी आहेत, यावरून या प्रथेने वस्तीचे स्वरूपच कसे घडविले हे दिसून येते.

५. मोजदादीचा वाद

समृद्धीचे हे चित्र फार काळ टिकणारे नव्हते. रोपे वाढून वर पालवीचे छत मिटले, तसतसे जमिनीवरचे खाद्य हरणांच्या आटोक्याबाहेर गेले. १९३० नंतरच्या दशकातील कडक हिवाळ्यांत बर्फात अडकलेली हरणे मोठ्या संख्येने उपासमारीने मेली. आयोगाला धोका तत्पूर्वीच दिसला होता. १९२३ मध्ये मर्यादित प्रमाणावर व १९२८ मध्ये राज्यभर मादीची शिकार खुली करण्यात आली. शिकाऱ्यांनी याला कडवा विरोध केला. ज्या आयोगाने वीस वर्षे मादीला अवध्य ठरविले, तोच आयोग आता तिला मारण्याचा परवाना देत होता. लोकांना हा विश्वासघात वाटला, आणि तसे वाटणे अगदीच अस्वाभाविक होते असे म्हणता येणार नाही.

१९२८ हे वर्ष दुसऱ्याही कारणाने महत्त्वाचे आहे. ॲरिझोनातील कैबाब राष्ट्रीय अरण्यात अशाच दाटीमुळे नुकसान होत होते, आणि तेथे संघसरकारच्या अधिकाऱ्यांनी राज्याचे नियम बाजूस सारून हरणे मारण्यास प्रारंभ केला होता. हंट विरुद्ध संयुक्त संस्थाने या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आपल्या जमिनीच्या रक्षणासाठी संघसरकारला तसे करता येते. म्हणजे अधिकार होता. परंतु ॲलेगनीत तो गाजविण्याऐवजी वनखात्याने राज्याच्या आयोगाशी जमवून घेण्याचाच मार्ग पत्करला. शेजाऱ्यांच्या रोषाची किंमत न्यायालयीन विजयापेक्षा मोठी असते, हे वनखात्याला उमगले असावे.

नंतरच्या काळात अभ्यासकांच्या नोंदी साचत गेल्या. ए. एफ. हाऊ यांनी टायनेस्टा येथील अस्पर्शित अरण्यात वीस वर्षे ठेवलेल्या नोंदी १९६५ मध्ये प्रसिद्ध केल्या. जेथे कधी कुऱ्हाड चालली नव्हती तेथेही खालच्या थरातील झुडुपे व रोपे हरणांनी खाऊन विरळ केली होती. आयोगाच्याच संशोधन विभागाचे रॉजर लॅथम हे हरणांची संख्या घटविण्याचा आग्रह जाहीरपणे धरीत. १९५७ मध्ये त्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले. परवान्याच्या शुल्कावर चालणाऱ्या संस्थेत सत्य सांगण्याची मर्यादा कोठवर असते, हे या घटनेवरून ध्यानात येते.

सर्वांत निर्णायक पुरावा प्रयोगातून मिळाला. वॉरन येथील वनसंशोधन केंद्राने १९८० च्या सुमारास या प्रदेशात कुंपणे घालून त्यांत निरनिराळ्या दाटीने हरणे ठेवली व दहा वर्षे वनस्पतींची मोजदाद केली. नॅन्सी टिल्घमन यांनी १९८९ मध्ये, आणि हॉर्स्ले, स्टाऊट व डीकॅलेस्टा यांनी २००३ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. दर चौरस मैलास सुमारे अठराहून अधिक हरणे झाली की नव्या अरण्याची वाढ खुंटते, असा टिल्घमन यांचा निष्कर्ष होता. दाटी वाढली की ब्लॅकबेरी, पिन चेरी, मेपल ही मागे पडतात. हरणांना नकोसे असलेले नेचे व गवत जमीन व्यापतात, आणि त्यांच्या सावलीत इतर बी रुजत नाही. काळी चेरी हरणांना कमी रुचते, म्हणून तिचे प्रमाण वाढते. फर्निचरसाठी जगभर मागणी असलेले ॲलेगनीचे हे मौल्यवान लाकूड मुख्यतः त्या सरसकट तोडीची निर्मिती असले, तरी हरणांच्या तोंडाचाही त्यात वाटा आहे. परंतु दाटी आणखी वाढली की चेरीही तग धरीत नाही. तेव्हा वनखात्याला तोडीच्या जागी आठ फूट उंच जाळीचे कुंपण घालावे लागले, आणि नेच्यांवर तणनाशक फवारावे लागले. सार्वजनिक अरण्यात झाडांनाच आडोशाला ठेवण्याची ही पाळी होती.

लाकूड विकले गेले तरच शाळांना व रस्त्यांना उत्पन्नाचा हिस्सा मिळे. अर्थात् ज्या गावाने हरीण कमी करण्यास विरोध केला, त्याच गावाच्या शाळेचे भावी उत्पन्न हरणे खात होती. पण हे नुकसान ऐंशी-शंभर वर्षांनी पक्व होणाऱ्या झाडांचे होते. ओस पडलेला कँप मात्र याच नोव्हेंबरात दिसत होता.

६. इ.स. १९९९ नंतरची उलथापालथ

१९९९ मध्ये आयोगाने हरणविभागाची सूत्रे गॅरी ऑल्ट या जीवशास्त्रज्ञाकडे दिली. अस्वलांच्या संशोधनामुळे ते राज्यात लोकप्रिय होते. गावोगाव सभा घेऊन त्यांनी आपली भूमिका मांडली. २००१ पासून नर व मादी यांचा हंगाम एकत्र करण्यात आला, आणि २००२ पासून शिंगांना ठराविक संख्येने टोके फुटल्याखेरीज नर मारू नये असा नियम झाला. २००२-०३ च्या हंगामात राज्यात ५,१७,५२९ हरणे मारली गेली; हा तेथील उच्चांक होय. सभांत टाळ्या मिळाल्या, तशा धमक्याही मिळाल्या. शिकाऱ्यांची एक संघटना आयोगाविरुद्ध न्यायालयात गेली. २००४ च्या अखेरीस ऑल्ट निवृत्त झाले.

याच सुमारास अरण्याच्या पूर्वोत्तर भागात एक निराळा प्रयोग सुरू झाला. वनखाते, लाकूड कंपन्या व पाणलोट जमिनींचे मालक यांनी २००० मध्ये सुमारे ७४ हजार एकरांवर ‘किंझुआ क्वालिटी डिअर को-ऑपरेटिव्ह’ ही सहकारी योजना आखली. हरणांची गणना त्यांच्या लेंड्यांच्या ढिगांवरून दर वसंतऋतूत करावयाची, कोवळे कोंब किती खुडले गेले ते त्याच जागी मोजावयाचे, आणि दोन्ही आकडे शिकाऱ्यांपुढे ठेवावयाचे, अशी तिची पद्धत होती. २००३ पासून जमीनमालकांना मादीचे जादा परवाने वाटता येऊ लागल्यावर काही वर्षांत या भागातील दाटी जवळजवळ निम्म्यावर आली, आणि उरलेल्या हरणांचे वजन व शिंगे वाढल्याचे तपासणीनाक्यांवर दिसून आले. या योजनेचे महत्त्व तिच्या आकड्यांपेक्षा तिच्या रीतीत आहे. मोजण्याचे काम उघड्यावर झाले, आणि मोजलेले शेजाऱ्याला दाखविले गेले.

तथापि सर्व वाद मिटला असे समजणे चुकीचे होईल. हरणे कमी होऊनही जेथे नेच्यांनी जमीन धरली होती तेथे रोपे आपोआप परतली नाहीत. बीचच्या सालीचा रोग, हेमलॉकवरील लोकरी किडा आणि काळ्या चेरीच्या बीजधारणेतील घट या नव्या अडचणी पुढे आल्या. सर्व दोष हरणाच्या माथी मारता येत नाही, असे शिकारी म्हणत ते या मर्यादेत खरे ठरले. दुसरीकडे शिकारीच ओसरू लागले. १९८० नंतरच्या दशकारंभी राज्यात सुमारे तेरा लाख परवाने विकले गेले होते. पुढे ही संख्या नऊ लाखांखाली आली. ओघ टिकावा म्हणून २०१९ मध्ये हंगामाचा आरंभ सोमवारवरून शनिवारवर आणण्यात आला, आणि १८७३ पासून चालत आलेली रविवारची बंदी प्रथम २०२० च्या हंगामापासून सैल होऊन २०२५ च्या कायद्याने उठली. ज्या सोमवारी गावाची शाळा बंद राहत असे, तो सोमवार इतर दिवसांसारखाच एक झाला. शंभर वर्षांपूर्वी शिकाऱ्यापासून हरीण वाचविणे हा प्रश्न होता. आता हरणापासून रान वाचविण्यास शिकारी पुरेसे उरतील काय, हा प्रश्न आहे.

७. उपसंहार

या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, शिकाऱ्याच्या स्मृतीतील समृद्धी खोटी नव्हती, पण ती अरण्याची स्वाभाविक अवस्थाही नव्हती. सरसकट तोडीनंतर उगवलेल्या झुडुपांची ती एक-दोन पिढ्यांपुरती देणगी होती. आजोबाने जी हरणे पाहिली, ती रान उद्ध्वस्त झाल्यामुळे पाहिली. नातू तीच संख्या रानाचे आरोग्य म्हणून मागू लागला.

दुसरा निष्कर्ष शासनासंबंधी आहे. शेजाऱ्याचा विरोध हा अज्ञानाचा परिणाम होता, अशी मांडणी वनविषयक लेखनात वारंवार आढळते. वस्तुतः मादीला अभय हा धडा शासनानेच त्याला शिकविला होता, आणि तो त्याने प्रामाणिकपणे आत्मसात केला होता. परिस्थिती पालटली तेव्हा शासनाने नियम एका वर्षात बदलला. पण नीती तितक्या लवकर बदलत नाही. लॅथम यांच्यासारख्या सेवकाला गप्प करून शासनाने तो बदल आणखी दोन पिढ्या लांबविला, आणि तेवढ्या काळातील रोपे कायमची गमावली.

तिसरा निष्कर्ष मोजमापाचा आहे. शिकारी हंगामाने मोजतो, आयोग वर्षाच्या परवान्यांनी मोजतो, वनपाल शतकाने मोजतो. झाड एकाचे व हरीण दुसऱ्याचे असल्यामुळे ही तीन मापे एका कागदावर आणण्याचे बंधन कोणावरच नव्हते. किंझुआच्या योजनेत ती प्रथमच एकत्र आली.

महाराष्ट्रातील परिस्थिती निराळी आहे. येथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वहिवाट संपली, आणि विदर्भातील जंगलालगतचा शेतकरी रोही व रानडुक्कर यांच्याशी नाते जोडतो ते पिकाच्या नुकसानीच्या पंचनाम्यातून. पेनसिल्व्हानियाचा उपाय येथे जसाच्या तसा आणावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु जंगलाच्या कडेचा मनुष्य काय पाहतो, काय मोजतो आणि त्याला पूर्वी काय शिकविले गेले, हे न तपासता जंगलाचा इतिहास लिहिल्यास तो अपुरा राहतो, ही गोष्ट दोन्ही प्रदेशांस सारखीच लागू आहे.